गढा : आईबरोबर पाहिलेली राजधानी

इटारसीकडून जबलपूरला येणाऱ्या बऱ्याच गाड्या मुख्य स्थानकाच्या आधी मदन महलला थांबतात. आमचं तिकीट जबलपूरपर्यंतचं होतं, खोलीही मोठ्या स्टेशनजवळ ठरवलेली होती. तरी आई अर्धा तास आधीपासून पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "इथंच उतरायचं. राजधानी बघायची तर पहिलं पाऊल गढ्यात पडलं पाहिजे," ती म्हणाली. आई पंचाहत्तर वर्षांची आहे. नेपियर टाउनमधलं तिचं माहेर विकलं गेलं त्याला तीस वर्षं झाली, आणि त्यानंतर ती इकडे आलेली नव्हती. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत इथं यायचे. पुढे भाषांतराच्या कामात हे शहर मला अधूनमधून कागदावर भेटत राहिलं. पण पाहुण्यांसारखं, दोघींनी मिळून 'बघायला' म्हणून आम्ही पहिल्यांदाच आलो होतो.

जबलपुरात राजधानी हा शब्द जपून वापरावा लागतो. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हा मान आपल्यालाच मिळणार असं जबलपूरकरांनी धरून ठेवलं होतं. राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आलं. आई तेव्हा सात वर्षांची होती. तिचे वडील कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली आणि कोणाशी न बोलता जेवले, एवढं तिला आठवतं. विनोबांनी या शहराला 'संस्कारधानी' म्हटलं होतं, ते बिरुद शहर आजही मिरवतं. आजोबा म्हणायचे, "राज गेलं, धानी उरली."

पण त्याआधी इथं खऱ्याखुऱ्या राजधान्या होऊन गेल्या. भेडाघाटच्या रस्त्यावरचं तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. १९३९चं काँग्रेस अधिवेशन तिच्याच नावानं झालं. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून निवडून आलेले सुभाषबाबू त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. आणि गढा ही गोंड राजांची राजधानी. आज ती जबलपूरची एक जुनी, दाट वस्ती आहे. एके काळी मात्र गढा हे नगर होतं आणि जबलपूर त्याच्या शेजारचं गाव. मोगलांच्या फार्सी इतिहासात या राज्याला गढा-कटंगा म्हणतात, मराठी कागदांत गढामंडळ. गोंडीत काय म्हणत असतील, ते मी वाचलेल्या एकाही पुस्तकात दिलेलं नाही.

स्टेशनावरून ऑटो केला. ऑटोवाल्यानं आईला विचारलं, "अम्माजी, पहले कहाँ?" आईनं तलावांची यादीच सांगितली : रानीताल, चेरीताल, आधारताल. रानीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिचा मंत्री आधार कायस्थ याचा, असं इथं पोरासोरांनाही ठाऊक असतं. ऑटोवाला हसला. रानीतालला आता क्रीडासंकुल आहे आणि चेरीताल हे मोहल्ल्याचं नाव झालंय. दगडधोंड्यांच्या या मुलखात पावसाचं पाणी अडवून गोंडांनी गावाभोवती तलावांची माळ उभी केली, हे त्यांच्या राज्यकारभाराचं सगळ्यात मोठं काम. ते आज मुख्यतः बसथांब्यांच्या नावांत उरलं आहे. संग्रामसागर मात्र पाण्यासकट जागेवर आहे, आणि त्याच्या काठचा बाजना मठही. संग्रामशाहनं राज्य बावन्न गढांपर्यंत वाढवलं असं परंपरा सांगते. मला त्याच्या नाण्यांचं अधिक अप्रूप आहे. त्यांवर तो स्वतःला पुलस्त्यवंशी म्हणवतो. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजोबा. सोळाव्या शतकातला एक राजा सोन्याच्या नाण्यावर हे कुळ बिनदिक्कत कोरून ठेवतो!

पुढच्या पिढ्यांनी ते बदललं. मंडल्याजवळ रामनगरला हिरदेशाहच्या काळातला, १६६७चा संस्कृत शिलालेख आहे. जयगोविंद नावाच्या पंडितानं तो रचला. त्यात वंशावळ यादवराय नावाच्या पुरुषापासून सुरू होते. तो गोंड राजाच्या मुलीशी लग्न करून गादीवर येतो. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन जबलपुरातच होता. त्यानं १८३७मध्ये या राजांचा इतिहास छापला. त्यातल्या कथेत हा जादोराय गोदावरीकडून आलेला आहे. हे मी संग्रामसागरच्या काठावर आईला सांगितलं, तर ती खुश झाली. "म्हणजे आपल्याकडचाच की!" म्हटलं, हीच तर गंमत आहे. ज्यानं त्यानं या राज्याच्या सुरुवातीला आपल्याकडचा एक माणूस आणून बसवला आहे.

मदन महल त्या वंशावळीतल्या मदनसिंहानं बांधला असं म्हणतात. फलकांवर बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं साल असतं, पण यादीतल्या तितक्या जुन्या नावांवर इतिहासकार फारसा विश्वास ठेवत नाहीत. आणि महाल म्हणून जाल तर फसाल. ग्रॅनाइटच्या टेकडीवर एक प्रचंड धोंडा, आणि त्या एकाच धोंड्याच्या पाठीवर बसवलेली दुमजली, आखूड इमारत. वर सज्जा, समोर घोड्यांची पागा म्हणून दाखवतात ती कमानींची ओळ, आणि चहूकडे असेच गोल धोंडे, एकमेकांवर ठेवल्यासारखे. जवळच तो प्रसिद्ध तोललेला दगड आहे. पायथ्याशी तळहाताएवढा टेकलेला, तरी २२ मे १९९७च्या भूकंपातही न हललेला. त्या भूकंपात शहरातली कितीतरी घरं पडली. आईच्या शाळेच्या सहली इथं यायच्या. महालाखाली दोन धोंड्यांच्या मध्ये खजिना आणि सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत अशी म्हण तेव्हाही होती. मुली डबा खाऊन झाला की पट्टीनं माती उकरत.

चढायला आईला वेळ लागला. दर पंधरावीस पायऱ्यांनी ती थांबे आणि थांबण्याचं कारण म्हणून काहीतरी विचारे. मीही उत्तरं लांबवत होते. दुर्गावतीची गोष्ट अशीच तुकड्यातुकड्यांनी झाली.

ती कालिंजरची चंदेल राजकन्या, संग्रामशाहची सून. नवरा दलपतशाह लवकर वारला आणि लहान वीरनारायणाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. १५६४मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. जबलपूर-मंडला रस्त्यावर बारेल्याजवळ नर्रई नाल्याच्या खिंडीत ती लढली, आणि २४ जूनला, बाण लागल्यावर, पकडलं जाण्याआधी स्वतःच्या हातानं मेली. हे सगळ्यांना माहीत असतं. अबुल फजल आणखी एक गोष्ट सांगतो. त्या लढाईत वीरनारायणही होता, चांगला लढत होता. तो जखमी झाला तेव्हा राणीनं त्याला सुरक्षित जागी हलवायला सांगितलं. त्याला घेऊन जाणाऱ्यांबरोबर बरीच फौजही मागे गेली, आणि तिच्याजवळ थोडेच लोक उरले. नंतर आसफखान चौरागढावर गेला, तिथं मुलगाही लढून मेला. हजारांवर हत्ती हाती लागले, त्यांतले दोनशेच त्यानं बादशहाकडे पाठवले, हा हिशेब अबुल फजल न चुकता देतो.

"मुलाला पाठवताना तिला कळलंच असेल, बरोबर माणसं जाणार म्हणून," आई म्हणाली. मग उठली आणि पुढच्या पायऱ्या न थांबता चढली.

राणी पडली तिथं समाधी आहे. स्लीमननं लिहिलंय, की तिच्याजवळचे दोन मोठे गोल दगड म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे, मध्यरात्री रानात त्यांचा आवाज घुमतो असं लोक मानत. जाणारे-येणारे आसपास मिळणाऱ्या गारगोट्यांतली सगळ्यात सुंदर निवडून समाधीवर ठेवत. स्लीमनचं बरंच काही मला आवडत नाही. हा परिच्छेद आवडतो.

वरच्या सज्ज्यात वारा होता. खाली एका बाजूला गढा, पलीकडे जबलपूर. आईनं आपलं जुनं घर शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग घरात नेहमी सांगितली जाणारी ती गोष्ट तिनं काढली : आपलं घराणं भोसल्यांच्या कारभारात इकडे आलं, आपण इथले उपरे नाही. लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य मला पाठ आहे. पण या वेळी, ती राजधानी समोर पसरलेली असताना, मला ते तसंच सोडवेना.

१७४२मध्ये नानासाहेब पेशवे मंडल्यावर आले. राजा महाराजशाह मारला गेला, आणि त्याच्या मुलाला, शिवराजशाहला, चौथाई कबूल करून गादीवर बसावं लागलं. १७८१मध्ये पेशव्यांच्या सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी हे राज्यच संपवलं. शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत गेला. १७९९च्या सुमारास मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १९ डिसेंबर १८१७ला इंग्रजांनी जबलपूर घेतलं. भोसल्यांचा अंमल म्हणजे जेमतेम अठरा वर्षं. अकबराच्या फौजेनंतरही दोन शतकं कशीबशी टिकलेलं गोंडांचं राज्य बुडवणारे आपण होतो. मराठी शाळेत मला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि बाईंना ते ठाऊक असेल असंही वाटत नाही. आमच्या पुस्तकात अटकेपार झेंडे होते. मंडला नव्हतं.

इंग्रजी गॅझेटियरात त्या अठरा वर्षांबद्दल जे लिहिलंय ते सावधपणेच वाचावं लागतं. आपल्या आधीचा कारभार वाईट होता हे दाखवण्यात लिहिणाऱ्याचा फायदा असतो. पण त्यात एक नोंद अशी आहे की ती नुसती निंदा म्हणून सोडून देता येत नाही. विधवांना विकून पैसे सरकारात जमा करायची इथं रीत होती, असं त्यात म्हटलंय. आणि इंग्रजांचा अंमल नुकता बसला तेव्हाच्या कागदात एका बाईला मोकळं करावं अशी सूचना आहे. काही दिवसांपूर्वीच तिचा १७ रुपयांना लिलाव झाला होता. तिचं नाव इंग्रजी अक्षरांतून पुन्हा नागरीत आणताना पुरसियाही होतं आणि परसियाही. सतरा रुपये मात्र सतराच राहतात.

आई बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, उगाच बोलले. पंचाहत्तराव्या वर्षी कोणाचं घराणं असं कठड्यावर ठेवून उलगडू नये. मग तिनं विचारलं, "त्या लिलावाचे हिशेब कोण लिहीत असेल?" म्हटलं, असेल कोणी कारकून. "मोडीत?" "मोडीतच असणार." तिनं मान हलवली. आमच्या घराण्याबद्दल एवढं एकच सगळ्यांना नक्की माहीत आहे, की अक्षर चांगलं होतं.

उतरताना ती अचानक म्हणाली, "आणि शंकरशाह? त्यांच्याकडे उद्या जाऊ या ना?" शेजारपाजाऱ्यांकडे जावं तशी.

शंकरशाहबद्दल मला एक कबुली द्यायची आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. राज्य गेल्यावरही गोंड राजघराणं इथंच होतं, गढ्याजवळ पुरव्याला, इंग्रजांच्या पेन्शनवर. १८५७मध्ये वृद्ध राजा शंकरशाह आणि त्याचा मोठा झालेला मुलगा रघुनाथशाह जबलपुरातल्या ५२व्या पलटणीतल्या शिपायांशी संधान बांधून असल्याचा संशय आला. डेप्युटी कमिशनरनं एका चपराशाला फकिराच्या वेशात पाठवून बातमी काढली. १४ सप्टेंबरला घराला वेढा पडला. झडतीत एका रेशमी थैलीत राजाच्या हातची एक कविता सापडली, देवीची प्रार्थना. तीच मुख्य पुरावा ठरली. अधिकाऱ्यांचा आयोग बसला आणि १८ सप्टेंबरला बापलेकांना तोफेच्या तोंडी दिलं. हजर असलेल्या एका इंग्रजानं नंतर लिहिलं, की दोघांचे चेहरे अभंग होते आणि शांत. त्याच रात्री ५२वी पलटण उठून पाटणच्या दिशेनं निघून गेली.

कवितेसाठी माणसाला मारल्याची उदाहरणं जगात इतरही आहेत. इथं ती कविता आधी भाषांतरित झाली, आणि ते भाषांतर सरकारी अहवालातून इतिहासाच्या पुस्तकांत गेलं. मीही एका संकलनासाठी तिचं मराठी केलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी, त्या इंग्रजीवरून. इंग्रज भाषांतरकाराला देवीचं एक नाव पेललं नव्हतं. त्यानं ते इंग्रजी अक्षरांत जसं ऐकलं तसं ठेवून पुढे अर्थ दिला होता. त्या चमत्कारिक स्पेलिंगमधून मी 'शत्रुसंहारिका' ओळखून काढली आणि त्या आठवड्यात स्वतःवर खुश होते. बाकी सगळं गद्य केलं : निंदकांचं असं कर, शत्रूंचं तसं कर, विलंब करू नकोस. वर शीर्षकात, मूळ इंग्रजीला धरून, 'राजद्रोही प्रार्थना' असं लिहिलं. मूळ कविता कुठं मिळते का, हे शोधायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना मध्यस्थ भाषेवरून केलेल्या भाषांतरांचे धोके, या विषयावर मी वीस पानं लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोव्याची जलेबी खाऊन आम्ही मालगोदाम चौकात गेलो. तिथं बापलेकांचे अर्धपुतळे आहेत. स्टेशन जवळ, त्यामुळे रिक्षा, हातगाड्या, हॉर्न. मी आईला त्या भाषांतराबद्दल सांगितलं. मूळ हिंदी कविता मला बऱ्याच उशिरा मिळाली होती, ती फोनवर होती. ती दाखवायला लागले तर आई म्हणाली, "ते दोन छंद ना? मला एक येतो."

१९५७ साली उठावाची शताब्दी झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेत कार्यक्रम होता. तोफेपुढे उभं राहून पहिला छंद बापानं म्हटला आणि दुसरा मुलानं, अशी जबलपुरात आख्यायिका आहे. तेच शाळेनं दोन मुलींना करायला लावलं. उंच मुलगी शंकरशाह. आई बुटकी, म्हणून रघुनाथशाह. पुठ्ठ्याची तोफ होती आणि मागे कोणीतरी पत्रा वाजवणार होतं, ते वेळेआधीच वाजवलं. बाईंनी दोघींना महिनाभर घोकून घेतलं होतं. तरी घरी तिनं ते कधी म्हणून दाखवलं नव्हतं, निदान माझ्यासमोर. मी त्याच कवितेवर रात्रीरात्री बसत होते, तेव्हा ती शेजारच्या खोलीत झोपलेली असायची.

"तुझं मराठी कसं होतं?" तिनं विचारलं. मला आठवत होतं तेवढं सांगितलं. ती ऐकत राहिली. "अगं, हे गाणं आहे. तू तर अर्ज केलास."

खरंच होतं ते. इंग्रजीत ती कविता मागण्यांच्या यादीसारखी वाचली जाते, आणि यादी पुरावा म्हणून बरी पडते. मूळ आहे ब्रज वळणाच्या हिंदीतला ठेक्याचा छंद. आदळत जाणारे अनुप्रास आणि श्वास घ्यायला जागा नाही, अशा देवीच्या स्तुती त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या रचल्या जात होत्या. शत्रूला खाऊन टाक असं त्यांत चंडीला सांगितलेलंच असतं, ती तिची नेमाची कामं. शंकरशाहनं त्या जुन्या साच्यात एकच नवा शब्द बसवला, इंग्रज. आणि तो नुसता बसवला नाही, त्या शब्दाच्याच शेवटच्या अक्षरांतून त्याचे तुकडे करणारा पुढचा शब्द ओढून काढला. ती कोटी कोणत्याही परक्या भाषेत जात नाही. म्हणजे कविता निरुपद्रवी होती असं नाही. राजाला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलंच होतं, आणि आपल्या धन्यांना त्याचा अर्थ सांगणाऱ्यानं तो अर्थ चुकीचा सांगितला नव्हता. ठेका काढून घेतल्यावर जे उरतं ते त्यानं सांगितलं. पुढे मीही तेवढंच केलं, आणि मला तर घाईही नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या पुतळ्यांसमोर जाणवली. अबुल फजलची फार्सी, जयगोविंदाचं संस्कृत, स्लीमनचं इंग्रजी, हा ब्रज छंद आणि आता माझं मराठी, या सगळ्यांत गोंडी कुठेच नाही. २०११च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. शेवटच्या राजानं शेवटची प्रार्थना तरी ज्या भाषेत केली, ती दरबारात शिकलेली भाषा होती. घरात तो कोणत्या भाषेत मुलाला हाक मारायचा, हे त्या रेशमी थैलीतून निघणारं नव्हतं.

"तू बापाचा म्हण," आई म्हणाली, "मी मुलाचा म्हणते." चौकात? "मग काय झालं?" मी फोन समोर धरून सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत तिनं हाताची खूण करून थांबवलं. वाचतेस काय, म्हणायचं असतं, आणि ठेका तिथं नाही, एक शब्द पुढे. पुन्हा सुरुवात केली. माझं झाल्यावर तिनं पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि दुसरा छंद धरला. आवाज बारीक होता, पण ठेका चुकला नाही. अर्ध्यावर ती अडली. पुढची ओळ माझ्याकडे होती, पण मी सांगितली नाही. ती मागे गेली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. एक हातगाडीवाला थांबून ऐकत होता. या वेळी ती अडली होती ते ठिकाण ओलांडून आणखी दीड ओळ पुढे गेली.

"बस, इथपर्यंतच," ती म्हणाली. "इथंच तो पत्रा वाजला होता."